शेजारी हद्दीला लागून घर वाढवतायत, बोलायचं कसं?

"शेजारी आमच्या बाजूला खोली वाढवतायत, वाईट न होता कसं बोलू?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला खूप जण येतात, म्हणून एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ताईंची झोपच उडाली होती. शेजारचे काका कंपाउंडपाशी टेप लावून मापं घेताना दिसले, बस्स, तेव्हापासून उजेड जाणार, भिंतीला तडे जाणार, मुद्दाम करतायत, असं डोक्यात रात्रभर भांडण चालू. नकाशा पाहिलात का विचारलं तर नाही, काकांशी बोललात का तर तेही नाही, का तर म्हणे इतक्या वर्षांचा घरोबा आहे, कशाला तोंड वाकडं करून घ्या.

गप्प बसलं की संबंध टिकतात हे मला अजिबात पटत नाही. काम कागदावर आहे तोवर खिडकी सरकवायला खोडरबर पुरतं, पाया भरल्यावर त्याच गोष्टीला पैसेही जातात आणि इगोही आडवा येतो.

मग आम्ही तालीम केली, मी काका झाले. ताईंचं पहिलंच वाक्य, "तुम्ही आमचा विचारच केला नाहीत!" मी म्हटलं, "माझ्या जागेत मी काहीही करीन." दोघी हसलो. मग तेच बदलून "काका, काम काढताय वाटतं, नकाशा एकदा बघू का, आमच्या बाजूचं जरा समजून घ्यायचंय" असं केलं, आणि पुढे नेमकं काय विचारायचं तेही लिहून काढलं: भिंत हद्दीपासून किती आत, खिडक्या कुठे उघडणार, छपराचं पाणी कुठे पडणार, आणि खोदाई आमच्या पायाच्या खाली जाणार का. हा शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका, तसं असेल तर आधार सुटू शकतो, इंजिनियरने बघायलाच हवं.

काका चिडले नाहीत. छपराचा उतार ताईंच्या अंगणाकडे होता, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, पन्हाळ लावून पाणी आपल्याकडे घेतो म्हणाले. खोदाईआधी दोघांनी मिळून ताईंच्या भिंतीचे फोटो काढले, बाथरूमच्या खिडकीखालच्या जुन्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घातली, म्हणजे तडा वाढला तर कळेल आणि नाही वाढला तर काकांवर उगाच खापर नको. ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून ठेवलं.

(नकाशा दाखवायलाच नकार दिला तर परवानगी देणाऱ्या ऑफिसात लेखी विचारा, काम सुरू व्हायच्या आधी. त्यात दुष्मनी काही नाही.)

किचनमधला उजेड मात्र थोडा गेलाच, त्याचं ताईंना वाईट वाटतं आणि ते वाटणारच. मिस्टर अजून म्हणतात सरळ तक्रारच ठोकायला हवी होती, म्हणून पुढच्या वेळी दोघं मिळून या म्हटलंय.