जुन्या स्मरणिकेची 'पी६५' फाइल कशी उघडायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवण तालुक्यातल्या तुमच्या शाळेचा अमृतमहोत्सव तोंडावर आलाय आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेतले काही लेख, फोटो नव्या अंकात घ्यायचे आहेत. छापील प्रत एकच उरली आहे, पण डीटीपीवाल्याने (संगणकावर पानं मांडून देणाऱ्याने) तेव्हा दिलेली सीडी सापडली. तिच्यावरच्या फाइलच्या नावाशेवटी 'पी६५' आहे. विंडोज विचारतं, कशात उघडू? वर्डमध्ये उघडली तर नुसता कचरा. नावाचा शेवट बदलून 'डॉक' करून पाहिला, तरी तेच. आणि ते दुकान आता बंद आहे.

पहिली गोष्ट, नावाचा शेवट होता तसा परत 'पी६५' करा. नाव बदलल्याने आतलं काही बदलत नाही, फक्त विंडोजची दिशाभूल होते. दुसरी, सीडीवरून थेट काही उघडत बसू नका. सगळी सीडी आधी संगणकावर उतरवा, फक्त ती एक फाइल नव्हे, सगळे फोल्डर. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटातल्या सीडींवर बुरशी धरते, कडेने चंदेरी थर सुटायला लागतो. मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह निमूटपणे वाचतो, असं पुष्कळदा होतं.

आता फाइलबद्दल. 'पी६५' म्हणजे पेजमेकर ६.५, छपाईची पानं मांडायचा जुना प्रोग्राम. पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीने काढला, १९९४ मध्ये ती कंपनी अडोबीकडे गेली, आणि २००१ साली आलेली ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती (तिच्या फाइलींना 'पीएमडी' लागतं). मी कणकवलीत डीटीपी करायचो तेव्हा लग्नपत्रिकेपासून ग्रामपंचायतीच्या अहवालापर्यंत सगळं पेजमेकरातच व्हायचं. ७.० आल्यावरही आम्ही ६.५ सोडला नव्हता. तेव्हा तुमची फाइल बिघडलेली नाही, ती उघडणारा प्रोग्राम काळाआड गेलाय एवढंच.

घरच्या घरी उघडायची तर लिबरऑफिस फुकट मिळतं, ते उतरवून घ्या आणि त्यातल्या 'ड्रॉ'मध्ये फाइल उघडा. पेजमेकरच्या फाइली वाचायची सोय त्यात २०१५ पासून आहे. पानं जशीच्या तशी येतील अशी आशा धरू नका. चौकटी सरकतात, ओळी एकमेकींवर चढतात, पण आत काय आहे ते कळतं. कुणाकडे अडोबी इनडिझाइनची (पानं मांडायचा अडोबीचाच नंतरचा प्रोग्राम) सीएस६ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर ती पेजमेकर ६ ते ७च्या फाइली बऱ्यापैकी नीट उघडते. नंतरच्या सीसी आवृत्त्यांनी ही सोय काढून टाकली, त्यामुळे 'माझ्याकडे नवीन इनडिझाइन आहे' म्हणणाऱ्या भाच्याचा इथे उपयोग नाही. ऑनलाइन कन्व्हर्टरच्या नादी मी लागणार नाही. त्यातले बरेचसे पेजमेकर ओळखतही नाहीत, आणि 'आधी हा प्रोग्राम उतरवा' म्हणणारे तर लांबच ठेवावेत.

एवढं करून फाइल उघडेल आणि तुम्ही पुन्हा डोक्याला हात लावाल. कारण पानावर मराठी नसेल. टोप्या आणि टिंबं चढवलेली रोमन अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच कंस. हा बिघाड नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी आजची पद्धत, सर्रास वापरात येण्याआधी मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच, फॉन्ट तेवढा त्याला मराठी दाखवायचा. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो.

म्हणून फाइल उघडल्यावर मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या खिडकीत काय नाव येतं ते कागदावर लिहून घ्या. फॉन्ट संगणकावर नसला तरी लिबरऑफिस त्याचं नाव दाखवतं. 'श्री-देव' आणि पुढे आकडे असतील तर ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी. 'डीव्ही-टीटी' किंवा 'डीव्हीबी-टीटी' आणि मग सुरेख, योगेश अशी नावं असतील तर सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं. 'आकृती', 'शिवाजी', 'किरण' ही नावं तर उघडच ओळखू येतात. सीडीवर 'फॉन्ट' नावाचा फोल्डर आहे का तेही बघा. छापखान्यात फाइल द्यायची तर फॉन्ट सोबत द्यावे लागायचे, त्यामुळे सीडीवर ते सापडण्याची बरीच शक्यता असते. सापडले तर बसवा, आणि पान समोर मराठीत येईल.

पण ते दिसेल मराठीत, असेल रोमनच. नव्या अंकाला युनिकोड हवं, म्हणजे रूपांतर आलं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण नेमक्या त्याच फॉन्टचा घ्या. एकट्या श्री-लिपीतही अक्षरांच्या मांडण्या एकाहून जास्त आहेत, आणि चुकीची निवडली तर एक कचरा जाऊन दुसरा येतो. आधी एकच परिच्छेद टाकून बघा. या फॉन्टांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टाइप व्हायचा आणि रफार नंतर, कन्व्हर्टरला ते उचलून योग्य जागी ठेवावं लागतं. म्हणून चुका शोधायच्या तर तिथेच शोधा: 'विद्यार्थिनी', 'परिस्थिती', 'वर्ग', आणि 'किनाऱ्यावर', 'सुपाऱ्या' यांतला ऱ्या.

आता माझं खरं मत. तुमच्याकडे छापील प्रत आहे ना? मग लेखांचा मजकूर सीडीवरून काढूच नका. प्रत ३०० डीपीआयला स्कॅन करा, ती प्रतिमा गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर निघतो. टेसरॅक्ट नावाचा फुकट प्रोग्रामही मराठी वाचतो. वेळ वाचेल, पण तेवढंच कारण नाही. त्या काळी शेवटच्या प्रूफातल्या चुका बऱ्याचदा फाइलमध्ये दुरुस्त व्हायच्याच नाहीत. ट्रेसिंग पेपरवर छापून काढलेली ओळ ब्लेडने कापायची आणि नवी चिकटवायची, की प्लेट करायला रवाना. लाइट गेलेली असायची आणि ट्रेसिंग संध्याकाळच्या एसटीने पाठवायचं असायचं, फाइल कोण उघडतोय! त्यामुळे सीडीत जे आहे ते छापलं गेलेलंच असेल असं नाही. खरा मजकूर कागदावरचा. मालवणीतल्या लेखांवर तेवढी नजर ठेवा, स्कॅनमधून मजकूर काढणारे प्रोग्राम 'खंय'चं (म्हणजे 'कुठे') भलतंच काहीतरी करून ठेवतात.

फोटोंचं मात्र उलटं. छापील फोटो स्कॅन केला तर छपाईचे ठिपके येतात आणि पुन्हा छापल्यावर त्यांची जाळी उठते. मूळ फोटो सीडीवर शोधा. मोठा फोटो लावला की पेजमेकर विचारायचा, पूर्ण प्रत फाइलमध्ये ठेवू का? आम्ही 'नको' म्हणायचो, नाहीतर फाइल फुगायची आणि तेव्हाचा संगणक गपगार व्हायचा. मग फाइलमध्ये फोटोची नुसती हलकी झलक राहते, खरा फोटो 'टिफ' म्हणून शेजारच्या फोल्डरात पडलेला असतो. त्याला पेजमेकर लागत नाही, कुठल्याही फोटोच्या प्रोग्रामात उघडतो. ज्यांचे टिफ नाहीतच, तेवढ्यांसाठी छापील पान स्कॅन करा.

राहता राहिली देणगीदारांची यादी. ती कुठल्याही यंत्रावर सोडू नका, दोघांनी बसून, एकाने वाचून आणि दुसऱ्याने ताडून, हाताने टाइप करा. रूपांतरात ३ चा ८ झाला किंवा 'घाडी'चं 'धाडी' झालं तर लेखातल्या चुका कुणी बघणार नाही, पण ही चूक गणपतीला आलेला पहिला चाकरमानी दाखवील.