ओंडका ओलांडायचाय? आधी क्लच हातात बसव

ओंडका समोर आला की तू थ्रॉटल पिळतोस, घोळ तिथंच होतो. ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकता मोटरसायकलने अडथळे ओलांडायच्या खेळात, ताकद सोडायची ती क्लचने. तर्जनी कायम लिव्हरवर, बाकीची बोटं ग्रिपवर.

आधी सपाट जागा, पहिला गिअर. क्लच दाबून इंजिनचा आवाज थोडा चढव आणि तिथंच धरून ठेव. गुडघे वाकवून सस्पेन्शन दाब. ते उसळून वर येतानाच क्लच चटकन सोड. पुढचं चाक उचलतं, हँडल ओढत बसू नकोस. जास्तच उचललं तर क्लच पुन्हा दाब, सोबत मागचा ब्रेक.

आता ओंडका. पुढचं चाक त्याच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे, मधोमध आदळलं तर गाडी अडते. ते टेकलं की थ्रॉटल कमी कर, पाय सैल सोड, गाडीला तुझ्याखालून वर येऊ दे. इथं गॅस दिलास तर मागचं चाक ओल्या सालीवर गरगरतं नि आडवं जातं. बहुतेक जण इथंच पडतात.

क्लच तेलात असतो, एवढं घासणं सोसतो. तरी तापून पकड सरकायला लागली की थांब.

आणि हो, किल स्विचची, म्हणजे पडलास तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी मनगटाला बांधल्याशिवाय गाडी सुरूच करू नकोस.