नाताळचा केक आणि शेजारधर्म

प्रश्न : आमच्या इमारतीत ख्रिश्चन शेजाऱ्यांनी नाताळचा केक वाटला. मुस्लिम वहिनींनी ‘यात काय काय घातलंय?’ विचारलं, तर देणाऱ्यांचं मन दुखावलं. वहिनींच्या धर्मात असा केक खायला मनाई असते का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : ख्रिश्चनांच्या घरचं म्हणून मनाई नाही. कुराणाच्या 5व्या सूरेतली (अध्यायातली) 5वी आयत (वचन) ‘ग्रंथधारकां’चं, म्हणजे ज्यू-ख्रिश्चनांचं अन्न वैध ठरवते. 19वी सूरा तर येशूची आई मरियम हिच्या नावाचीच आहे. येशूला मुस्लिम पैगंबर मानतात, देवाचा पुत्र नाही. हा मतभेद खरा आहे, तो झाकू नये. पण केकचा प्रश्न रमचा आहे. मेवा रममध्ये भिजवला तर ओव्हनमध्ये सगळं अल्कोहोल उडून जात नाही. वहिनींनी विचारलं ते योग्यच केलं. पुढच्या वेळी त्यांच्यापुरता मेवा आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवा. जिलेटिन डुकराचं असू शकतं, तेही टाळा. आणि डबा देतानाच हे सांगा.

उलट बाजूही सांभाळावी लागते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत, आणि 2026मध्ये रमजान त्याच सुमारास आला. अशा शुक्रवारी मुस्लिम घरातून बिर्याणीऐवजी शीरखुर्मा पाठवावा.