शेजारच्या रंगाचा फवारा गाडीवर: पुसण्याआधी पुरावा

प्रश्न: शेजारच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडला स्प्रे-गनने ऑइलपेंट मारत होते. माझी गडद निळी गाडी माझ्याच कुंपणाच्या आत उभी होती. दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर बॉनेटपासून टपापर्यंत सगळं पॉलिशपेपरसारखं खरखरीत, काचांवरही राखाडी ठिपके. ठेकेदार म्हणतो, 'थिनरने पुसून देतो, तुम्ही तक्रार नाही असं दोन ओळींत लिहून द्या.' शेडमालक म्हणतात, 'काम ठेक्याने दिलंय, तुमचं तुम्ही त्याच्याशी बघा.' पोलिसांत जाऊ, ग्राहक आयोगात जाऊ, की विम्याचा क्लेम करू?

उत्तर: त्या दोन ओळी लिहून देऊ नका आणि थिनरचा बोळा गाडीला लागू देऊ नका. बाकी सगळं यानंतर.

थिनरला माझा विरोध वकील म्हणूनच आहे. आज गाडीवर जे आहे ते ठेकेदाराच्या फवाऱ्याने झालंय, हे सरळ दिसतं. उद्या जहाल थिनरने वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मंदावला, रबरी पट्ट्या आणि प्लास्टिक पांढरं पडलं, की कुठलं नुकसान कशाने झालं याचा घोळ सुरू होईल. 'तुमच्या संमतीने पुसलं' हा त्याचा बचाव तयारच असेल. तुम्ही स्वतः पुसलंत तर तो आणखी भक्कम होईल.

म्हणून आधी पुरावा. फोटो उन्हात, तिरक्या कोनातून घ्या. समोरून काढलेल्या फोटोत हे ठिपके दिसत नाहीत. शेड आणि गाडी एकाच चौकटीत येतील असेही दोन-चार घ्या. रंगाच्या डब्याचा फोटो मिळाला तर उत्तम: रंगाचं नाव, प्रकार, बॅच क्रमांक. नमुना घ्यायचा तो काचेवरून. काच साबणाच्या पाण्याने ओली करून नवं ब्लेड आडवं धरून खरवडा, निघेल ते पांढऱ्या कागदावर घ्या, वाळल्यावर घडी घालून तारीख टाका आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. हे ब्लेड बॉनेटला मात्र लावायचं नाही. फोटो ज्या फोनमध्ये काढले तो विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ नुसार असे फोटो कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पण पुरावा पुरावा करत महिनाभर गाडी तशीच ठेवू नका. ऑइलपेंट दिवसागणिक कडक होतो, आणि नुकसान वाढू न देण्याची वाजवी काळजी तुम्हीही घ्यायची असते. दोघांना लेखी कळवा: अमुक दिवशी गाडी साफ करायला देत आहे, त्याआधी येऊन पाहा. ते आले नाहीत तरी पत्राची पोच तुमच्याकडे राहते.

साफसफाई चांगल्या डिटेलिंगवाल्याकडून (गाडीची बारीक सफाई-पॉलिश करणाऱ्याकडून) करून घ्या आणि पद्धत कोटेशनमध्ये लिहून मागा. आधी धुणं, मग भरपूर लुब्रिकंट मारून क्ले बार, म्हणजे रंगावरून फिरवायचा मऊ, चिकट गोळा. पृष्ठभागाच्या वर आलेले कण क्ले ओढून काढतो. घासून काढायचे नसतात. क्लेचा गोळा खाली पडला तर फेकायचा, कारण त्याला चिकटलेली वाळू चरे पाडते. क्ले केल्यावर बारीक ओरखडे राहतात, म्हणून शेवटी पॉलिश. त्याचा खर्चही नुकसानभरपाईत धरा. कण निघालेच नाहीत तर सौम्य सॉल्व्हेंट, तेही आधी आडोशाच्या जागी चाचणी घेऊन. पूर्वी एखादा पॅनेल पुन्हा रंगवलेला असेल तर आधीच सांगा. क्लिअर कोटची जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन असते, पॉलिशने त्यातलीच थोडी जाते. डिटेलिंगवाल्याकडे जाडी मोजायचं यंत्र असेल तर आधीची आणि नंतरची नोंद बिलावर घ्या.

आता जबाबदार कोण? फवारा वाऱ्याने उडणार हे त्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. आडोसा न लावता, गाडी झाकायला न सांगता काम करणं हा ठेकेदाराचा निष्काळजीपणा आहे. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला मालक सहसा जबाबदार नसतो, हे शेडमालकाचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने अगदीच पोकळ नाही. पण तुम्ही सांगूनही त्यांनी काम तसंच चालू ठेवू दिलं, तर ती त्यांची स्वतःची चूक ठरू शकते. म्हणून आजच त्यांना लेखी कळवा आणि वकिलाची नोटीस दोघांच्या नावे काढा. भरपाई नक्की कोणाकडून मिळेल याची शंका असेल तेव्हा दोघांनाही प्रतिवादी करण्याची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ७ ने दिली आहे. मुदत तीन वर्षांची आहे. काम सुरू होण्याआधी 'गाड्या हलवा' अशी सूचना तुम्हाला मिळाली होती का? मिळाली असेल तर मला लपवू नका, भरपाई त्या प्रमाणात घटू शकते.

ग्राहक आयोग इथे नाही. ठेकेदाराचं गिऱ्हाईक शेडमालक, तुम्ही नव्हे. (डिटेलिंगवाल्याने गाडी बिघडवली तर मात्र त्याचे ग्राहक तुम्हीच.) पोलिसांचंही तसंच: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधली आगळीक (दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करण्याचा गुन्हा) ठरायला नुकसानाचा उद्देश किंवा ते होईल याची जाणीव लागते, नुसता हलगर्जीपणा पुरत नाही. सांगितल्यावरही उद्या तसाच फवारा मारला, तर चित्र बदलतं.

विम्याच्या क्लेमची घाई नको, पण कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी काम करून घेऊ नका. क्ले-पॉलिशवर भागणार असेल तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घालवणं परवडत नाही. सगळे पॅनेल रंगवायची वेळ आली तर गणित वेगळं. क्लेमचे पैसे मिळाले की तेवढ्या रकमेपुरता वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो, आणि 'तक्रार नाही' लिहून दिलेलं असेल तर क्लेम नाकारायला कंपनी तेच कारण पुढे करेल.

मागणी साफसफाई, पॉलिश आणि त्या दिवसांच्या पर्यायी वाहनखर्चाची ठेवा. क्लेने निघणाऱ्या ठिपक्यांसाठी अख्खी गाडी रंगवून मागू नका. कोर्ट देणार नाही, आणि कारखान्यातला मूळ रंग गेलेल्या गाडीची किंमतही पडते. ठेकेदार पैसे द्यायला तयार झाला तर जरूर घ्या. पावतीवर 'साफसफाईच्या खर्चापोटी, उरलेला हक्क राखून' एवढं लिहा. पूर्ण तडजोडीवर सही गाडी धुऊन, उन्हात उभी करून, प्रत्येक पॅनेलवर हात फिरवल्यावरच.