पूर ओसरल्यावर यादीत कोणाचे नाव राहते?

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

२०१९ च्या महापुरात ख्रिस्ती संस्थांनी केलेल्या मदतकार्यावर गेल्या अंकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर कोल्हापूर शहरातून, तसेच करवीर आणि शिरोळ तालुक्यांतून पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण मदतीच्या सगळ्या कामाची खरी कसोटी तिथे लागते असे मला वाटते.

आपण ‘चर्चची मदत’ असे लिहिता. पण नेमके कोणते चर्च? कोल्हापुरात अमेरिकन मिशन फार जुने आहे. कॅरिटास ही त्यांचीच संस्था का?
— एक निवृत्त ग्रंथपाल, राजारामपुरी

नाही. कोल्हापुरात १८५२ साली सुरू झालेले अमेरिकन मिशन प्रॉटेस्टंट परंपरेतले होते आणि पुढे ते प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेले. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची मदतकार्याची संयुक्त संस्था ‘कासा’ या नावाने ओळखली जाते आणि ती १९४७ पासून काम करते. ‘कॅरिटास इंडिया’ ही कॅथलिक ख्रिस्तसभेची संस्था असून भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने ती १९६२ साली स्थापन केली. कॅरिटास हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ प्रीती असा होतो. या नावाची पहिली संघटना जर्मनीत १८९७ साली उभी राहिली आणि देशोदेशींच्या अशा संघटनांचा महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला.

कोल्हापूर जिल्हा पूर्वी पुणे धर्मप्रांतात (एका बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशात) होता. २००५ पासून तो सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. धर्मप्रांताची समाजसेवेची शाखा, गावोगावचे धर्मग्राम (स्थानिक चर्चच्या मंडळ्या), शाळा-दवाखान्यांतील धर्मभगिनी आणि तरुण मंडळी यांच्या हातूनच प्रत्यक्ष मदत दारापर्यंत पोहोचते. एक गोष्ट मात्र वाचकांनी ध्यानात घ्यावी. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला परदेशातून मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. त्यामुळे पूर्वी जो पैसा मध्यवर्ती संस्थेकडून लहान स्थानिक संस्थेला मिळत असे, तो मार्ग बंद झाला आहे आणि गावातल्या माणसाने गावातल्या कामासाठी दिलेल्या पाचशे रुपयांचे मोल त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढले आहे.

चर्चचे काम प्रार्थना आणि फार तर दानधर्म. मजुरी, जमीन, आरक्षण, पर्यावरण यांत धर्मगुरूंनी का पडावे?
— एक शिक्षिका, शाहूपुरी

हा प्रश्न चर्चमध्ये बसणारी माणसेही विचारतात, म्हणून त्याचे उत्तर थोडे मागून सुरू करतो.

१५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ नावाचे परिपत्रक प्रसिद्ध केले. युरोपातील कारखान्यांत मजूर पिळून निघत होते, असा तो काळ होता. कामगाराला संघटना करण्याचा हक्क आहे आणि त्याचा चरितार्थ नीट चालेल इतकी मजुरी ही मालकाची कृपा नसून न्यायाची बाब आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गरजेपोटी किंवा भीतीपोटी एखाद्याने त्याहून कमी मजुरीला होकार दिला, तरी तो अन्यायच ठरतो, हे त्यातले वाक्य मला आजही सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ‘त्याला परवडत नसेल तर त्याने येऊ नये’ हा युक्तिवाद आपल्याकडे वीटभट्टीपासून हॉटेलपर्यंत रोज ऐकू येतो. पुढे अकरा वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. परंतु ज्याला ताटात वाढले जाते त्याला पंगतीत जागाही हक्काने मिळाली पाहिजे, ही समज कोल्हापूरकरांना कोणी बाहेरून शिकवावी लागत नाही.

बायबलमधील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या परक्या माणसाच्या जखमा तो बांधतो, हा भाग सगळे सांगतात. त्यापुढचा भाग राहून जातो. तो त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातात दोन नाणी ठेवतो आणि ‘जास्त खर्च झाला तर परत येताना देईन’ असे सांगून जातो. हे परत येणे म्हणजेच सामाजिक न्यायाचे काम. मलमपट्टी एका दिवसात होते. माणूस पायावर उभा राहीपर्यंतचा हिशेब कोणीतरी अंगावर घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात याचे सर्वांना परिचित उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. उस्मानाबाद येथे २०२० साली झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. वसईकर मात्र त्यांना त्याआधीपासून ओळखत होते, ते तिथली हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरलेले धर्मगुरू म्हणून. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश दोन्ही ऐकले पाहिजेत, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ पाणी घरात शिरते त्या रात्रीच कळतो.

स्पष्ट विचारतो, राग मानू नये. ही मदत धर्मांतरासाठी असते का?
— एक वाचक, शिरोळ तालुका

राग मानण्याचे कारण नाही. मनात ठेवून कुजबुजण्यापेक्षा विचारलेले केव्हाही चांगले.

कॅथलिक ख्रिस्तसभेची अधिकृत भूमिका लेखी आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या आपल्या पहिल्याच परिपत्रकात म्हटले आहे की, प्रीती ही विनामूल्य असते आणि दुसरे काही साधण्यासाठी ती वापरता येत नाही. त्याआधी १९९४ मध्ये रेड क्रॉससह जगातील प्रमुख मदतसंस्थांनी एक आचारसंहिता तयार केली. मदत गरजेनुसार द्यावी, वंश, पंथ वा राष्ट्रीयत्व पाहून नव्हे, आणि एखादे राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी ती वापरू नये, ही त्यातील कलमे आहेत. ती संहिता पुरस्कृत करणाऱ्या संस्थांमध्ये आंतरराष्ट्रीय कॅरिटासचाही समावेश होता.

यापुढेही एक सांगतो. कोणीही, कोणत्याही धर्माच्या माणसाने, तांदळाच्या पिशवीसोबत प्रार्थनेची किंवा घोषणेची अट घातली, तर ती पिशवी न घेता तक्रार करावी. भुकेल्या माणसाकडून श्रद्धा वसूल करणे हे येशूच्या शिकवणीत कुठेही बसत नाही.

पुराच्या वेळी आम्ही गल्लीतून कपडे आणि भाकऱ्या गोळा करून पाठवतो. पण पुष्कळसे वाया जाते असे ऐकले. मग द्यावे तरी काय?
— महिला मंडळाच्या एक सदस्या, कसबा बावडा

ताई, आपल्या गल्लीने पाठवलेल्या भाकऱ्या वाया गेल्या नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद होता, बाहेरून काही येण्याची शक्यता नव्हती आणि त्या दिवसांत शेजारच्या गल्लीतली भाकरी-चटणी हेच जेवण होते.

वाया गेले ते नंतरचे. पाणी ओसरल्यावर शिरोळ तालुक्यातील एका गावाच्या फाट्यावर पाहिलेला ढीग मी विसरलो नाही: जुने कपडे, त्यांत लग्नातले कोट, एकेकटे बूट, लहान मुलांचे फाटके स्वेटर, सगळे पावसात भिजून कुबट झालेले. समोरच्या घरात एक बाई खराट्याने गाळ ओढत होत्या. भिंतीवर पंख्याच्या पात्याच्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ होती आणि कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याला मोड फुटले होते. त्यांना साडी नको होती. त्यांनी मागितले ते फावडे, बादली, ब्लिचिंग पावडर आणि पायात घालायला गमबूट. गाळात अनवाणी काम केल्याने लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, त्यामुळे हे मागणे चैनीचे नव्हते.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत शिजवलेले अन्न आणि पिण्याचे पाणी द्यावे. त्यानंतर स्वच्छतेचे साहित्य, सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रे, अंथरूण-पांघरूण आणि मुलांची वह्या-पुस्तके द्यावीत. त्याही पुढे शक्य तिथे रोख रक्कम द्यावी, कारण आपल्या घरात काय संपले आहे हे त्या घरातल्या बाईलाच ठाऊक असते आणि ती रक्कम गावच्याच किराणा दुकानात खर्च झाली की, तेही दुकान उभे राहते. निवारा केंद्र चालवणाऱ्यांनी एक मोजमाप जवळ ठेवावे. जगभरच्या मदतसंस्थांनी मान्य केलेल्या ‘स्फिअर’ मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा लागते. शाळेच्या एका वर्गात साठ माणसे झोपवली की, हे गणित कुठे चुकते ते लगेच दिसते.

आमची घरे नदीकडेला आहेत. काहींच्या नावावर घर नाही, काही भाड्याने राहतो, बहुतेक जणी दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातो. प्रत्येक वेळी किट मिळते, फोटो निघतात आणि भरपाईच्या यादीत आमची नावे नसतात. आपली संस्था यात काही करते का?
— बचत गटाच्या महिला, करवीर तालुका

आपण किटविषयी तक्रार केली नाही, यादीविषयी केली. माझ्या मते हाच नेमका मुद्दा आहे.

सरकारी भरपाई पंचनाम्यावर चालते आणि पंचनामा कागदावर चालतो. शेताचा सातबारा ज्याच्या नावावर, पिकाची भरपाई त्याच्या खात्यावर. मग ते रान खंडाने कोणीही केलेले असो. घरपट्टीची पावती ज्याच्या नावावर, पडलेली भिंत त्याची. महिनाभर रान पाण्याखाली राहिल्याने जी रोजंदारी बुडाली, तिचा पंचनामा सहसा होतच नाही. यात कोणाची दुष्ट बुद्धी असते असे नाही. पण ज्याच्याजवळ मुळात कमी, त्याच्या हाती शेवटीही कमीच येते. गरिबांना अग्रक्रम हे कॅथलिक सामाजिक शिकवणीतले तत्त्व आहे आणि पूरग्रस्त गावात त्याचा अर्थ इतकाच की, यादी खालून सुरू करावी: आधी भाडेकरू, एकट्या राहणाऱ्या विधवा, अपंग, वाटेकरी, मजूर, नदीकडेची वस्ती, आणि मग बाकीचे.

नदीकडेच्या वस्तीत अनेकदा दलित कुटुंबे असतात, हे उघड आहे. ख्रिस्ती झालेल्या दलितांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शीख दलितांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. यासाठी ख्रिस्तसभा दरवर्षी १० ऑगस्टला निषेध दिन पाळते. मात्र हेही कबूल केले पाहिजे की, ख्रिस्तसभेच्या आतही जातीने पाय पसरलेले आहेत, आणि बाहेर न्याय मागताना आधी आपल्या बाकावर कोण कोणाशेजारी बसतो ते पाहावे लागते.

आता करण्याजोगे. कॅथलिक शिकवणीत १९३१ पासून एक तत्त्व ठामपणे मांडलेले आहे: खालच्या पातळीवरची माणसे जे काम स्वतः करू शकतात, ते वरच्यांनी त्यांच्या हातून काढून घेऊ नये. म्हणून संस्थेने आपल्या वतीने यादी करण्यापेक्षा बचत गटाने स्वतः ती केलेली बरी. संस्थेने कागद, वाहन आणि वकिलाचा सल्ला पुरवावा. पावसाळ्याआधीच, मे महिन्यात, वस्तीतील प्रत्येक कुटुंबाची वही करा. त्यात घरात राहणारी माणसे, घरमालकाचे नाव, रेशनकार्ड, वीजबिल, कामाला कोणाच्या रानात जाता, हे सर्व लिहा आणि ती वही ग्रामसभेत वाचून ठरावात नोंदवून घ्या. पाणी आल्यावर पातळीची रेघ दिसेल असे घराचे फोटो तारखेसह काढा. पंचनाम्याच्या वेळी गटातील दोघींनी सोबत फिरावे आणि पंचनाम्याची प्रत मागावी. नाव सुटले तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात लाभार्थ्यांची यादी मागावी. त्यासाठी १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ यातील कलम ६१ अर्जात जरूर लिहावे. मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतुदींचा उल्लेख आहे.

पूररेषेचा प्रश्नही याच वहीत घ्यावा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. आपली वस्ती निळ्या रेषेच्या आत असेल, तर कोणीतरी कधीतरी आपल्याला ‘वस्ती हलवा’ असे म्हणणार. तेव्हा नवी जागा मजुरीच्या रानापासून, शाळेपासून आणि दवाखान्यापासून किती लांब, घर कोणाच्या नावावर, आणि भाडेकरूचे काय, हे प्रश्न आपणच आधी लिहून ठेवलेले असावेत.

वहीचा नमुना हवा असल्यास मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. मे महिन्यात एक दिवस येऊन पहिली दहा घरे आपल्यासोबत भरून देण्यास मी तयार आहे.