सुपरमार्केटची नवी दालने उघडल्याने रोजगार खरोखर वाढतो का?

एखादी सुपरमार्केट साखळी नवी दालने उघडून हजारो नोकऱ्या देणार असल्याचे जाहीर करते, तेव्हा त्या आकड्यावर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. अशा दालनांसाठी नोकरभरतीचे काम मी काही वर्षे केले आहे. आकडा सहसा खोटा नसतो. मात्र त्या दालनात किती माणसे घेतली एवढेच तो सांगतो, परिसरातला एकूण रोजगार किती वाढला हे सांगत नाही.

भरतीच्या अर्जात ‘सध्याची नोकरी’ असा एक रकाना असे, आणि त्यात जवळपासच्याच एखाद्या दुकानाचे नाव मला वारंवार दिसे. तो उमेदवार आमच्याकडे आला की आमची एक जागा भरे, पण तिकडची रिकामी झालेली जागा पुन्हा भरली जाईल याची खात्री नसे, कारण त्या दुकानाचे गिऱ्हाईकही आमच्याकडेच वळणार असे.

अमेरिकेतील वॉलमार्ट या मोठ्या दुकानसाखळीबाबत यावर बारकाईने संशोधन झाले आहे. अर्थतज्ज्ञ एमेक बास्कर यांच्या २००५ च्या अभ्यासानुसार दालन उघडते त्या वर्षी त्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागात) किरकोळ विक्री क्षेत्रातील नोकऱ्या सुमारे १०० ने वाढतात. पण इतर दुकाने बंद पडत गेल्याने पुढच्या पाच वर्षांत त्यातील निम्मी वाढ ओसरते. डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याहून कठोर निष्कर्ष काढला: वॉलमार्टच्या एका कर्मचाऱ्यामागे या क्षेत्रातील सुमारे १.४ कामगार कमी होतात. असा मतभेद होतो, कारण कंपनी मुळातच भरभराटीच्या वस्त्या निवडते आणि तिथल्या वाढीतला कोणता भाग दालनामुळे झाला, हे वेगळे काढणे फार अवघड असते.

शिवाय कामाचे तास पाहावेच लागतात. उद्घाटनाआधी माल उतरवणे, मांडणी लावणे, प्रत्येक फळीवर किमतीच्या पट्ट्या चिकटवणे यासाठी भरपूर हात लागतात. सुरुवातीची गर्दी ओसरली की अर्धवेळ कामगारांच्या पाळ्या सर्वांत आधी कमी होतात.

तरीही अनुभव नसलेल्या तरुणांना पहिली नोकरी इथेच मिळते आणि तिचे मोल मी कमी लेखणार नाही. आपण स्वतः अर्ज करणार असाल, तर आठवड्याला किमान किती तास काम मिळेल, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या.