साडेतीन हजार फोटो आणि बारा जागा

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, डीटीपीचं काम करतो. जोडून सुट्टी आली की रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठतो आणि दादरचं फूलमार्केट, भाऊचा धक्का, सीएसएमटी असं हिंडत फोटो काढतो. साडेतीन हजार झालेत. प्रदर्शनं मांडणाऱ्या एका क्युरेटर मॅडमना पेनड्राईव्ह दिला तर तसाच परत केला, म्हणाल्या बारा निवडून प्रिंट आणा. निवडायचं काम त्यांचंच की हो?

उत्तर: राग कळतो, पण मॅडमचं बरोबर आहे. कुठला फोटो कुणाशेजारी लावायचा, कुठला एकटा ठेवायचा हे क्युरेटर बघतो, पण त्या गर्दीत तुम्ही थांबलात कशासाठी हे तो कुठनं सांगणार?

न्यूयॉर्कचा फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड घ्या. 1967 साली तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्की या क्युरेटरनं डिआन आर्बस, ली फ्रीडलँडर आणि त्याचे फोटो एकत्र दाखवले आणि रस्त्यावरच्या फोटोंना वजन आलं. पण 1984 ला विनोग्रँड गेला तेव्हा अडीच हजाराच्या आसपास रोल न धुतलेले निघाले, एका रोलला छत्तीस फोटो धरून गुणा, नव्वद हजार फोटो जे त्यानं स्वतः कधी बघितलेच नाहीत! झारकोव्स्कीनं ते धुवून घेतले, त्यातले थोडे भिंतीवरही लावले, पण आता ते फोटो कुणाचे म्हणायचे यावर लोक अजून भांडतात.

विनोग्रँडची एक सवय मात्र उचलण्यासारखी. काढलेला रोल तो मुद्दाम वर्षभर धुवायचा नाही, काढतानाचा मूड विसरावा म्हणून. आपलं काय होतं, पहाटे चारला उठलो, पावसात भिजलो, शिव्या खाल्ल्या, म्हणून फोटो भारी वाटतो. बघणाऱ्याला तुमचा पाऊस दिसत नाही ओ.

तुम्ही पाठवलेल्या दहांत फुगेवाल्या पोराचा फोटो पहिला ठेवलाय, गोड आहे, पण तसले रोज शंभर दिसतात. सातवा बघा. हमाल चपला उशाशी घेऊन पोत्यावर झोपलाय, एका चपलेला झेंडूची पाकळी चिकटलीये आणि मागनं बायका त्याला ओलांडून चालल्यात. जरा तिरका आलाय म्हणून मागं टाकलात काय? माझ्या मते तोच पहिला. जुन्यांतले शंभरेक साध्या चार बाय सहामध्ये काढा, जमिनीवर पसरा, आठवडाभर येता जाता बघा आणि नजर अडत नाही तो काढून टाका.

प्रश्न: लेन्स कुठली घेऊ?

उत्तर: आहे तीच. विनोग्रँड बहुतेक 28 एमएमच्या वाइड लेन्सवर काढायचा, म्हणजे माणसाच्या अगदी जवळ जाऊन. ती भीड मोडायला मुंबईच कशाला पाहिजे, रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभं राहा, म्हशीची धार काढणारा कॅमेऱ्याकडं बघत पण नाही. एक ग्लास दूध मात्र घ्या, नुसतं फोटो काढून जाऊ नका.